अक्षरांनी काढलेले चेहरे: राजकीय अक्षरचित्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्षरचित्रं करायला लागल्यापासून, आणि विशेषतः त्यावर कार्यशाळा घ्यायला लागल्यापासून, काही प्रश्न मला इतक्या वेळा आले आहेत की उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवणं बरं. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलेलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. अक्षरचित्र म्हणजे नेमकं काय? सुलेखनापेक्षा ते वेगळं कसं?

चेहऱ्यावरचा उजेड आणि सावली पेन्सिलीने किंवा रंगाने न भरता अक्षरांनी भरायची. सावली गडद हवी तिथे अक्षरं ठळक आणि दाट, उजेड हवा तिथे बारीक आणि विरळ. लांबून माणूस दिसतो, जवळ गेलं की मजकूर वाचता येतो. सुलेखनात अक्षराचं वळण हाच चित्राचा विषय असतो. इथे अक्षर शाईसारखं वापरायचं असतं. शाईला मात्र स्वतःचा अर्थ नसतो, अक्षराला असतो, आणि पुढचे बहुतेक प्रश्न तिथूनच सुरू होतात.

२. चेहरा नेत्याचा असला की चित्र राजकीय झालं का?

नेत्याचा चेहरा त्याच्याच स्तुतीच्या शब्दांनी भरला तर ती जाहिरात झाली. तोच चेहरा त्याने दिलेल्या आश्वासनांनी, तारखांसकट भरला, तर जवळ आलेला माणूस मनातल्या मनात हिशोब करू लागतो. लांबून दिसतं ते आणि जवळून वाचतो ते यांच्यात काही ताण असला पाहिजे. असा ताण असेल तर एखाद्या अनोळखी कामगाराचं चित्रसुद्धा राजकीय होतं.

३. हा प्रकार संगणकामुळे आला ना?

बराच जुना आहे. हिब्रू लेखनिक साधारण दहाव्या शतकापासून धर्मग्रंथाच्या समासातल्या टिपा इतक्या बारीक अक्षरांत लिहीत की त्या ओळींतूनच वेली, प्राणी आणि भौमितिक आकृत्या तयार होत. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचं एक चित्र आहे. त्यातल्या रेषा म्हणजे बायबलमधली स्तोत्रं आहेत. या राजाचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला. ज्याला शत्रूंनी देशद्रोही ठरवलं त्याचा चेहरा पवित्र मजकुरातून उभा करणं ही उघड राजकीय भूमिका होती.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण फ्रान्समधलं आहे. शार्ल फिलिपाँ या संपादकावर १८३१ मध्ये राजा लुई-फिलिप याची बदनामी केल्याचा खटला चालला. त्याने कोर्टात चार रेखाटनं काढून दाखवली. पहिल्यात राजाचा चेहरा, चौथ्यात नासपती, आणि मधल्या दोन चित्रांत एकाचं दुसऱ्यात होत जाणारं रूपांतर. साम्य हा गुन्हा असेल तर नासपतीवर खटला भरा, असा त्याचा युक्तिवाद. त्याला शिक्षा झालीच, पण तोवर नासपती म्हणजे राजा हे सगळ्या पॅरिसला कळलं होतं. पुढे त्याच्या ‘ले शारिव्हारी’ या दैनिकाला शिक्षा झाली आणि न्यायालयाचा निकाल छापावा लागला. २७ फेब्रुवारी १८३४ च्या अंकात तो निकाल पहिल्या पानावर छापला गेला, शब्दशः, आणि ओळी अशा कमी-जास्त लांबीच्या जुळवल्या की संपूर्ण निकालाचा आकार नासपतीचा झाला. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कामगाराने एकही शब्द स्वतःचा घातला नव्हता. अक्षरचित्राची ताकद कशात आहे असं कुणी विचारलं की मी हे पान दाखवते.

४. चित्रात कोणता मजकूर भरावा?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि बहुतेक जण तो शेवटी विचारतात. चेहरा तयार असतो, त्यात भरायला काहीतरी हवं असतं, म्हणून ‘न्याय’ किंवा ‘स्वातंत्र्य’ हा शब्द चार हजार वेळा चिकटवला जातो. बघणारा जवळ येतो, तोच शब्द तीनदा वाचतो आणि निघून जातो. जवळ येण्याचे कष्ट घेतलेल्या माणसाच्या हातात आपण काहीच दिलं नाही.

मजकूर असा हवा की तो चित्राशिवाय नुसता कागदावर दिला असता तरी वाचावासा वाटला असता. त्या व्यक्तीची स्वतःची पत्रं, जबानी, डायरी. तिच्याविरुद्ध लिहिलेलं आरोपपत्र किंवा निकाल. ज्या कलमाखाली तिला अटक झाली ते कलम, पूर्णविरामापर्यंत पूर्ण. सरकारी कागदाची कोरडी भाषा माणसाच्या गालावरून वाचताना जेवढी बोचते तेवढी कोणतीही घोषणा बोचत नाही, असा माझा अनुभव आहे.

मजकूर निवडला की कोणतं वाक्य कुठे पडतं ते बघा. चेहऱ्यात सर्वांत गडद जागा ठरलेल्या असतात: बुबुळ, नाकपुडी, ओठांमधली फट, हनुवटीखालची सावली. तिथली अक्षरं सर्वांत ठळक, म्हणून तीच आधी वाचली जातात. तुरुंगातल्या एका माणसाचं चित्र मी त्याच्या घरच्या पत्रांतून करत होते. पहिल्या मांडणीत उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर पत्त्याचा पिनकोड आला होता. तो तिथून हलवून ‘चष्मा मिळाला, काडी तुटली आहे’ हे वाक्य पापणीवर आणायला मला चार दिवस लागले, कारण एक ओळ सरकली की खाली सगळा गाल विस्कटतो. प्रदर्शनात लोक नेमके त्या डोळ्यापाशी वाकून थांबत होते.

५. इंटरनेटवर एक जबरदस्त वाक्य मिळालं आहे. वापरू का?

मूळ भाषण, पत्र किंवा लेख सापडेपर्यंत नको. ‘जगात जो बदल पाहायचा आहे तो स्वतः बना’ हे वाक्य गांधीजींच्या नावाने जगभर भिंतींवर आहे, पण त्यांच्या उपलब्ध लेखनात ते या शब्दांत सापडत नाही. मी स्वतः एकदा अशी चूक केली. एका लेखिकेचं चित्र तिच्याच म्हणून फिरणाऱ्या ओळींनी केलं, दोनशे प्रती छापल्या, आणि तिच्या पुस्तकांच्या एका जाणत्या वाचकाने शांतपणे सांगितलं की या ओळी तिच्या नाहीत. सगळ्या प्रती रद्दीत गेल्या. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे की जिच्याबद्दल आदर दाखवायचा होता तिच्याच तोंडी मी परके शब्द घातले होते. विरोधकाचं चित्र असेल तर दुप्पट काळजी घ्या, कारण एक खोटं वाक्य सापडलं की उरलेली नव्याण्णव खरी वाक्यंही कुणी ऐकत नाही.

६. मृतांच्या किंवा बेपत्ता झालेल्यांच्या नावांनी चित्र करायचं आहे. काय सांभाळू?

नावांचा क्रम आधी ठरवा, कारण क्रमालाही अर्थ असतो. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकावर ५८,००० हून अधिक नावं आहेत. १९८२ मध्ये पुऱ्या झालेल्या या भिंतीवर स्मारकाच्या रचनाकार माया लिन यांनी ती वर्णानुक्रमे न लावता मृत्यूच्या क्रमाने लावून घेतली. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच चकमकीत गेलेले लोक भिंतीवरही शेजारी राहिले. वर्णानुक्रमे लावली असती तर ती नावनोंदणीची वही झाली असती.

एकच नाव दोनदा वापरून रिकामी जागा भरू नका. नावं कमी पडत असतील तर चित्र लहान करा. प्रत्येक नाव घरचे जसं लिहितात तसं लिहा, आणि शक्य असेल तिथे त्यांना आधी विचारा.

अवघड प्रसंग येतो तो नावं पीडितांची आणि चेहरा जबाबदार माणसाचा असतो तेव्हा. २००४ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचा चेहरा इराक युद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या छायाचित्रांतून जुळवलेलं एक चित्र खूप फिरलं. कल्पना प्रभावी आहे हे नाकारता येत नाही. पण ज्याला आपण दोषी मानतो त्याच्याच गालाचा तुकडा आपल्या मुलाच्या नावाने व्हावा, हे प्रत्येक घराला चालेल असं धरून चालू नका. मी हा प्रकार करत नाही. त्या माणसाचा चेहरा हवाच असेल तर त्याच्या आदेशांतून, सह्यांतून, भाषणांतून करते.

७. सुरुवात कशी करू? महागडं सॉफ्टवेअर लागतं का?

लागत नाही. एका बाजूने उजेड पडलेला फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सावल्याच नसतात. तो कृष्णधवल करून फक्त चार छटांत आणा: कोरा, फिका, गडद, काळा. त्याची छापील प्रत खिडकीच्या काचेवर धरा, वर पातळ कागद ठेवा आणि पेनने लिहायला लागा. पहिली दोन-तीन चित्रं हातानेच करा असं मी आग्रहाने सांगते, कारण अक्षराचं वजन हाताला कळल्याशिवाय स्क्रीनवर कळत नाही.

संगणकावर करायचं तर इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसं आहे. प्रत्येक छटेचा वेगळा थर करा, प्रत्येक थरात तोच मजकूर वेगळ्या जाडीत ठेवा आणि छटेच्या आकाराने कापा. कापताना अर्धवट तुटलेली अक्षरं कडेला राहतात. ती एकेक करून सरकवणं किंवा बदलणं हेच खरं काम आहे.

किती अक्षरं लागतात याची फार चिंता करू नका. लिऑन हारमन आणि केन नोल्टन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत छोट्या चिन्हांतून छायाचित्र उभं केलं होतं. त्याच हारमन यांनी १९७३ मध्ये अब्राहम लिंकन यांचा चेहरा अडीचशेच्या आसपास करड्या चौकोनांत बसवून दाखवला. डोळे किलकिले केले की लिंकन ओळखू येतात. चेहरा ओळखायला माणसाला फार थोडं पुरतं.

८. रोमन लिपीतली अक्षरचित्रं सुंदर दिसतात, देवनागरीत मात्र चेहऱ्यावर आडवे पट्टे येतात. का?

शिरोरेषेमुळे. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यामुळे शाई कागदावर बऱ्यापैकी सारखी पसरते. आपल्या ओळीत शाई वर गोळा होते आणि खाली पातळ होते. अशा तीस ओळी एकाखाली एक लावल्या की खिडकीच्या पडद्यासारखे पट्टे दिसणारच.

यावर नवशिके अक्षरांतलं अंतर वाढवतात. तसं केलं की शिरोरेषेला भोकं पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अंतराला हात न लावता जाडी बदला. दुसरं, सगळ्या चेहऱ्यावर ओळी आडव्याच हव्यात असं कुणी सांगितलं? गालावर त्या गालाच्या गोलाईने वळवा, नाकावरून उतरत्या, मानेवर तिरक्या. तिसरं, ओळी जवळ आणताना वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. तिथे शब्द थोडा पुढे-मागे सरकवा, अक्षर लहान करू नका.

आणि शिरोरेषेकडे अडचण म्हणून बघणं सोडलं की ती फार उपयोगी पडते. कपाळावरच्या सुरकुत्या, भुवया, पांढरे होत चाललेले केस, दाढीचे खुंट हे सगळं शिरोरेषेने जसं उतरतं तसं सुट्या अक्षरांनी उतरत नाही. एका म्हाताऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर मी मुद्दाम फोटोतल्या सुरकुत्यांवरच शिरोरेषा बसवल्या होत्या. लांबून ती नुसती त्वचा वाटत होती.

छटांसाठी अक्षरांची निवडही करता येते. र, ट, ठ यांच्या पोटात पांढरं जास्त. क्ष, ज्ञ, द्ध, ह्य दाट. पण मजकूर अर्थपूर्ण असेल (प्रश्न ४) तर अक्षरं निवडण्याची मोकळीक नसते, तेव्हा जाडीवरच भिस्त ठेवा.

९. डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलतीकडे जाते. काय करू?

ते सॉफ्टवेअर भारतीय लिप्यांची मांडणी करणारं इंजिन वापरत नाही, एवढाच अर्थ. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांसाठी वेगळी सेटिंग असते, ती चालू करा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरले तर फॉन्ट बदलताच सगळा मजकूर निरर्थक चिन्हं होतो. काम संपलं की अक्षरांचं बाह्यरेषांत रूपांतर करून वेगळी फाइल साठवा, आणि त्याआधी शेवटचं वाचन करा. रूपांतरानंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही.

१०. फॉन्ट कोणता घ्यावा?

ज्याच्या जाड्या भरपूर आहेत तो. मुक्त परवान्यातल्या ‘मुक्ता’मध्ये सात जाड्या आहेत. ‘नोटो सान्स देवनागरी’ बदलत्या जाडीचा फॉन्ट म्हणूनही मिळतो, त्यात १०० पासून ९०० पर्यंत हवी ती जाडी घेता येते. दोन्ही छापील कामात वापरता येतात. नक्षीदार फॉन्ट टाळा. चेहरा हीच नक्षी आहे.

११. पोस्टरवर अक्षर किती मोठं ठेवू?

बघणारा कुठे उभा राहणार यावर ते ठरतं. निरोगी नजरेला एक मीटरवरून साधारण दीड मिलिमीटर उंचीचं अक्षर जेमतेम ओळखू येतं, आरामात वाचायला तिप्पट लागतं. म्हणजे ३ मिलिमीटरचं अक्षर दोन मीटरच्या पुढे नुसती छटा होतं आणि सत्तर सेंटिमीटरच्या आत सुखाने वाचता येतं. काना-मात्रांमुळे देवनागरीला थोडं अधिकच द्या. मोर्चातला फलक असेल तर जवळ येऊन वाचण्याची उसंत कुणालाच नसते. तिथे मजकूर एका वाक्याचा आणि अक्षर हाताच्या पंजाएवढं असू द्या.

१२. छापून आल्यावर बारीक अक्षरं भरून का जातात?

बहुतेक वेळा काळा रंग चार शाया मिसळून छापलेला असतो आणि त्या शाया केसभर सरकतात. छापखान्याला फक्त काळी शाई वापरायला सांगा. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर एक पायरी जाड वापरा. पाच पॉइंटच्या खाली देवनागरी नको.

१३. वर्तमानपत्रातला फोटो घेतला, पण चित्र तर पूर्ण अक्षरांचं आहे. तरी परवानगी लागते?

लागू शकते. चेहरा ओळखू येतो, प्रकाश तोच, कोन तोच, तर छायाचित्रकाराचं काम तुमच्या चित्रात आहेच. ओबामांचं २००८ चं गाजलेलं ‘होप’ पोस्टर चित्रकार शेपर्ड फेअरी यांनी दुसऱ्या छायाचित्रकाराने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी काढलेल्या एका फोटोवरून केलं. फोटोच्या हक्कांवरून वृत्तसंस्थेशी झालेला वाद २०११ मध्ये तडजोडीने मिटला. पण कोणता फोटो वापरला याबद्दल पुराव्यांत फेरफार केल्यामुळे फेअरी यांना २०१२ मध्ये दोन वर्षं प्रोबेशन आणि २५,००० डॉलर दंड झाला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी केलेल्या गायक प्रिन्सच्या चित्राबाबत ७ विरुद्ध २ मतांनी मूळ छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांची बाजू उचलून धरली. तिथे मासिकाला चित्र वापरायला देण्याचा मुद्दा होता. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, पण मी दोनच गोष्टी करते: फोटो स्वतः काढते, किंवा छायाचित्रकाराला विचारून त्यांचं नाव चित्राखाली देते. विचारलं की बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

१४. आणि मजकुराचे हक्क? भाषण तर जाहीर असतं.

जाहीरपणे केलं म्हणून भाषण सगळ्यांचं होत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणाबाबत १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने हेच म्हटलं. कायदे आणि न्यायालयीन निकाल यांचा मजकूर बहुतेक देशांत मोकळेपणाने वापरता येतो, त्यामुळे प्रश्न ४ मध्ये सांगितलेला मार्ग इथेही सोपा पडतो. खासगी पत्रांसाठी लिहिणाऱ्याची परवानगी लागते. ज्याला पत्र आलं त्याची पुरत नाही.

१५. ज्यांना ती लिपी वाचता येत नाही त्यांचं काय?

ते मजकुराची जागा स्वतःच्या समजुतीने भरतात, आणि ती चुकीची असू शकते. इराणमध्ये जन्मलेल्या कलाकार शिरीन नेशात यांनी १९९० च्या दशकात इराणी स्त्रियांच्या छायाचित्रांवर, चेहऱ्यांवर आणि हातांवर फारसी ओळी लिहिल्या. त्यांत फरोग फरोखजाद यांच्यासारख्या कवयित्रींची कविता आहे, पण पाश्चात्त्य प्रेक्षकांतल्या अनेकांनी ती धर्मवचनं समजली. चित्र परभाषेत जाणार असेल तर भाषांतर शेजारी, वाचता येईल अशा आकारात लावा.

१६. दृष्टिहीन वाचकांपर्यंत हे पोचवता येईल?

येईल, आणि पोचवलंच पाहिजे. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दिसत नाहीत. पर्यायी वर्णनात चेहरा थोडक्यात सांगा आणि चित्राखाली संपूर्ण मजकूर साध्या टेक्स्टमध्ये द्या. आंधळ्या माणसाला लांबून-जवळूनचा खेळ मिळणार नाही, पण तो कागद कोणता आहे हे तरी कळेल.

१७. एआयकडून करून घेतलं तर?

चेहरा मिळेल, पण लांब मजकूर शब्दशः अचूक येईल याची खात्री नसते. देवनागरीत जोडाक्षरं चुकू शकतात. फोटोच्या छटा वेगळ्या काढायला संगणकाची मदत जरूर घ्या, मजकूर बसवणं स्वतः करा.

१८. नाव गुप्त ठेवायचं आहे. कशाची काळजी घेऊ?

फाइलमध्ये तुमचं नाव, यंत्राचं नाव आणि तारीख लपलेली असते, फोटोत ठिकाणही असू शकतं. ते सगळं काढून मग पाठवा. अनेक रंगीत लेझर प्रिंटर कागदावर फिके पिवळे ठिपके छापतात; यंत्राचा क्रमांक आणि वेळ त्यांतून काढता येतो हे २००५ मध्ये डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने उलगडून दाखवलं. आणि स्वतःचं हस्ताक्षर वापरू नका. चित्रातल्या व्यक्तीलाही धोका असेल तर तिला विचारल्याशिवाय काहीच प्रसिद्ध करू नका, तुमचं नाव असो वा नसो.

१९. अशा चित्रांनी खरंच काही बदलतं का?

एका चित्राने कुणी तुरुंगातून सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. पण सत्ता काय घाबरून करते ते बघा. प्रश्न ३ मधल्या त्या फ्रान्समध्ये सप्टेंबर १८३५ मध्ये नवे कायदे आले आणि चित्र छापण्याआधी सरकारची मंजुरी घेणं बंधनकारक झालं. लेखाला तशी पूर्वमंजुरी लागत नव्हती. वाचणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त असतात हे सरकारला नीट कळलं होतं. अक्षरचित्र या दोघांच्या मधोमध उभं राहतं, बघायला आलेल्याला वाचायला लावतं. एखाद्या माणसाचं आरोपपत्र दोनशे लोकांनी उभ्याउभ्या वाचलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२०. ज्याचं चित्र केलं त्याने नंतर भूमिका बदलली, किंवा त्याच्याबद्दल काही वाईट उघड झालं. चित्र काढून टाकू का?

प्रत्येक चित्रावर, कोपऱ्यात का होईना, दोन तारखा लिहा: मजकूर कधीचा आणि चित्र कधीचं. त्या असल्या की चित्र त्या दिवसापुरतं बोलतं. केवळ भूमिका बदलली असेल तर मी ते ठेवते. त्याचे तेव्हाचे शब्द तेव्हा खरे होते. त्याने कुणावर अत्याचार केल्याचं पुढे आलं असेल तर ज्यांना त्रास झाला त्यांच्या बाजूने विचार करते आणि चित्र भिंतीवरून उतरवते, नव्या प्रती काढत नाही. मूळ फाइल मात्र पुसत नाही. अशी दोन चित्रं माझ्याकडे कपाटात उलटी ठेवलेली आहेत, मागच्या बाजूला उतरवल्याची तारीख आणि कारण पेन्सिलीने लिहून.